वऱ्हाडाला समुद्र नाही, असं म्हणतात

१९८४ साली मुंबईत सीडीसी काढायला गेलो होतो. सीडीसी म्हणजे दर्यावर्दी माणसाचं ओळखपुस्तक. ते हातात असल्याशिवाय जहाजावर नोकरी मिळत नाही. खिडकीपलीकडच्या कारकुनानं माझा पत्ता वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, "अकोला? तिथं समुद्र कुठाय?" मागे रांगेत रत्नागिरी, दापोली, गुहागरची पोरं उभी होती. ती हसली. मीही हसलो.

पुढची चोवीस वर्षं मी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली आणि हा प्रश्न मला अनेक बंदरांत, अनेक भाषांत ऐकावा लागला. माझं एक ठरलेलं उत्तर होतं : "आमच्याकडे समुद्र विहिरीत असतो." ऐकणाऱ्याला तो विनोद वाटायचा. वऱ्हाडातल्या माणसाला तो वाटणार नाही.

पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाण पट्टा आहे. जमीन काळी, कसदार दिसते; पण विहीर खणली की पाणी खारट लागतं. ते प्यायला चालत नाही, पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. आमचं गाव त्या पट्ट्यात. लहानपणी आई गोड्या पाण्यासाठी लांब जायची आणि घरच्या विहिरीचं पाणी भांड्यांना, गुरांना वापरायची. पहिल्या सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, "समुद्राचं पाणी आपल्या हिरीवानीच असन नं?" मी म्हटलं, "त्याहून खारं, बाबा." त्यांनी मान हलवली. फार काही नवीन ऐकल्यासारखं त्यांना वाटलं नाही.

अकोला जिल्ह्यातलं दहीहांडा हे गाव या खाऱ्या विहिरींसाठी प्रसिद्ध. जुन्या काळी इथल्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत. इंग्रजी अंमलात तो धंदा बंद पडला. मग एप्रिल १९३० आला. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं आणि देशभर प्रश्न उभा राहिला, की ज्यांना किनारा नाही त्यांनी कायदा मोडायचा कसा? वऱ्हाडानं दहीहांड्याची वाट धरली. अमरावतीचे वीर वामनराव जोशी आणि अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी ही त्या वेळच्या वऱ्हाडातल्या चळवळीची आघाडीची माणसं. विहिरीचं खारं पाणी काढलं, चुलीवर आटवलं आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर मिठाचा कायदा मोडला. मला ही गोष्ट शाळेत कुणी सांगितली नव्हती. ती कळली तेव्हा वाटलं, त्या खिडकीवरच्या कारकुनाला द्यायचं उत्तर हेच होतं.

पण वऱ्हाडाचं समुद्राशी खरं नातं मिठाचं नाही. ते कापसाचं आहे.

*

१८५३ साली निजामाच्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली. या दोन घटना एकमेकींपासून दूर वाटतात, पण पुढच्या पंधरा वर्षांत त्या एकमेकींना येऊन मिळाल्या. मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो बहुतेक सगळा अमेरिकेतून येत होता. एकाच देशावर विसंबून राहणं धोक्याचं आहे हे तिथले गिरणीवाले ओळखून होते. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर त्यांचा डोळा होता तो म्हणूनच.

त्याआधीही वऱ्हाडचा कापूस बाहेर जात असे. बंजाऱ्यांच्या लमाणी तांड्यांतल्या बैलांच्या पाठीवरून तो मिर्झापूरला, गंगेकाठी जायचा आणि तिथून नावेनं बंगालकडे. म्हणजे आमचा कापूस तेव्हाही पाण्यापर्यंत पोचत होता, फक्त त्याचं तोंड पूर्वेकडे होतं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी, रस्त्यांनी आणि शेवटी रेल्वेनं ते पश्चिमेला वळवलं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेची बंदरं उत्तरेच्या आरमारानं कोंडली आणि लिव्हरपूलला कापूस येईनासा झाला. मुंबईत भाव कित्येक पटींनी चढला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या हाती कधी नव्हे तो रोख पैसा आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईत पेढ्या बुडाल्या, सट्टेवाले रस्त्यावर आले, हे आपण वाचतो. चढत्या भावावर भरवसा ठेवून सावकाराकडून उचल घेतलेल्या कास्तकाराचं काय झालं असेल, याचा अंदाज कोणत्याही वऱ्हाडी माणसाला पुस्तकाशिवाय करता येतो.

रेल्वे मात्र थांबली नाही. भुसावळ, अकोला, बडनेरा करत १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला आणि आफ्रिकेला वळसा घालून जाणारा महिनोन्‌महिन्यांचा रस्ता काही आठवड्यांवर आला. १८७० मध्ये व्हॉइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावला आला आणि जलंब-खामगाव हा फाटा आणि तिथला कापसाचा बाजार सुरू झाला. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यातच होतं. त्याच वर्षी एडनहून मुंबईपर्यंत समुद्राच्या तळातून तारेची केबल आली. लिव्हरपूलचा भाव आता तारेनं खामगावात कळू लागला. समुद्र न पाहिलेल्या माणसांच्या बाजारात समुद्र येऊन बसला, तो असा.

मी जहाजावरचा माणूस असल्यामुळे मला यातली एक गोष्ट विशेष कळते : गाठ. कापूस हलका आणि जागा खाणारा माल. जहाजाचा होल्ड कापसानं वजनाआधी जागेनं भरतो, आणि भाडं त्या जागेचं द्यावं लागतं. म्हणून कापूस दाबायचा. जितका घट्ट दाबाल तितका स्वस्त जाईल. वऱ्हाडात ठिकठिकाणी उभ्या राहिलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांमागे हे जहाजाच्या होल्डचं गणित आहे. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची आणि गाठ तिच्या अर्धी, ३९२ पौंडांची. अकोल्याच्या जिनात पत्रे लावून आवळलेली ती चौकोनी गाठ होल्डमध्ये कशी बसेल, हे ठरवूनच दाबली जात होती.

मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला एक नाव होतं, 'ऊमरा'. उमरावती म्हणजे आपली अमरावती. तिचं साहेबी तोंडातून झालेलं हे रूप. पुढं शेजारच्या मुलखातला तसा कापूसही त्याच नावानं विकला जाऊ लागला. अमरावतीचा माणूस लिव्हरपूलला पोचण्याच्या कितीतरी आधी अमरावतीचं नाव तिथं पोचलं होतं. रॅली ब्रदर्स, स्वित्झर्लंडच्या विंटरथूरचे व्होल्कार्ट ब्रदर्स यांचे खरेदीदार वऱ्हाडात येऊन बसले. १८९३ मध्ये टाटांच्या पुढाकारानं आणि जपानी गिरणीवाल्यांच्या पाठिंब्यानं निप्पॉन युसेन कैशा या कंपनीच्या आगबोटी मुंबईहून जपानला कापूस नेऊ लागल्या, आणि पी अँड ओ कंपनीची त्या मार्गावरची मक्तेदारी मोडली. काही वर्षांत जपान हे हिंदी कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झालं. म्हणजे कापसाचं तोंड पुन्हा एकदा पूर्वेकडे वळलं.

या सगळ्याचा दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. ज्वारीच्या जागी पऱ्हाटी वाढत गेली. पैसा देणारं पीक बोटीवर चढत होतं आणि खायचं धान्य बाहेरून विकत आणावं लागत होतं. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ पडला तेव्हा वऱ्हाडात रेल्वे होती, बाजार होते, तारयंत्रं होती; नव्हते ते गरिबाच्या हाती धान्य घेण्यापुरते पैसे. सुबत्तेचा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख त्या वर्षी भुकेनं आणि रोगानं होरपळला. समुद्राशी जोडलं जाण्याची ही किंमत होती.

*

कापूस गेला, पण तो नेला कुणी?

बोटीवरची माणसं वऱ्हाडातली नव्हती. मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे खलाशी असत, खानपानाच्या कामावर गोव्याचे, आणि खाली भट्टीपाशी बहुतेक पंजाबकडचे आणि पठाण. साहेब या सगळ्यांना 'लास्कर' म्हणायचा. सारंग हा त्यांचा मुकादम, त्याच्या हाताखाली टिंडल, सुकाण धरणारा तो सुकाणी, भट्टीत कोळसा मारणारा तो आगवाला, स्वयंपाक करणारा भंडारी. यातले काही शब्द मी नोकरीला लागलो तेव्हाही बोटीवर जिवंत होते. कोळसा जाऊन डिझेल आलं होतं, तरी आमचा जुना इंजिनरूम सारंग स्वतःची ओळख "आगवाल्यांच्या घरातला" अशीच करून द्यायचा.

या माणसांना गोऱ्या खलाशाच्या पगाराचा तिसरा-चौथा हिस्सा मिळायचा आणि झोपायला त्याहून कमी जागा. तांबड्या समुद्रात उन्हाळ्यात कोळशाच्या बोटीची भट्टी म्हणजे काय, याची मी फक्त कल्पना करू शकतो. माझ्या इंजिनरूममध्ये पंखे होते, वातानुकूलित कंट्रोलरूम होती, तरी त्या पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जायचा आणि चार तासांच्या वॉचनंतर बॉयलरसूट पिळून काढावा लागायचा. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे. समुद्राखेरीज ज्यांना कबर नाही, अशांची नावं तिथं आहेत. मी एकदा तिथं बराच वेळ थांबलो होतो. माझ्या बापजाद्यांनी पिकवलेला कापूस ज्यांनी वाहिला असेल, त्यांच्यातले कितीजण या यादीत असतील, हा विचार डोक्यातून जात नव्हता. कोकण आणि वऱ्हाड यांची गाठ अशी होल्डमध्ये पडली होती, आणि दोघांनाही ती ठाऊक नव्हती.

वऱ्हाडचा माणूस बोटीवर चढला तो उतारू म्हणून. त्यातलं सर्वांत मोठं नाव दादासाहेब खापर्डे यांचं. अमरावतीचे नामांकित वकील, १८९७ च्या अमरावती काँग्रेसचे स्वागताध्यक्ष, आणि थाटामुळे 'वऱ्हाडचे नबाब' म्हणून ओळखले जाणारे. २२ जुलै १९०८ ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि खापर्डे पुढच्याच महिन्यात विलायतेच्या बोटीवर होते. प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागायची आणि तिथल्या लोकांपुढं टिळकांची बाजू मांडायची, हे काम. वय चोपन्नाच्या घरात. समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यायला लावणारा समाज मागे, आणि चालता धंदा वाऱ्यावर. योगायोग असा की त्याच सुमारास टिळकही बोटीवर होते; ते बंगालच्या उपसागरातून, कैदी म्हणून, ब्रह्मदेशाकडे निघाले होते. एक मित्र पश्चिमेला, एक पूर्वेला.

खापर्डे दोन वर्षं विलायतेत राहिले. दाद लागली नाही. १९१० साली परत निघाले ते थेट मुंबईला आले नाहीत. रंगूनला उतरले, मंडालेच्या तुरुंगात जाऊन टिळकांना भेटले, आणि मग अमरावतीला परतले. नकाशा समोर ठेवून हा वळसा पाहावा. मित्राला "जमलं नाही" एवढं समोर बसून सांगण्यासाठी माणूस सगळा बंगालचा उपसागर फिरून येतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पहिल्यांदा शिर्डीला गेले. खापर्डे रोज डायरी लिहीत. त्यांची शिर्डीची डायरी भाविकांमुळे घरोघरी गेली. बोटीवरचे खापर्डे मात्र आपल्या फारसे ओळखीचे नाहीत.

त्यांचा समुद्राशी पुन्हा सामना झाला १९१८ मध्ये. होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन टिळक विलायतेला निघाले. बरोबर केळकर, करंदीकर, बिपिनचंद्र पाल आणि खापर्डे. महायुद्ध चालू होतं, भूमध्य समुद्रात जर्मन पाणबुड्या होत्या, म्हणून आफ्रिकेला वळसा घालून जायचं ठरलं होतं. कोलंबोपर्यंत पोचले आणि तिथं कळलं की लंडनच्या सरकारनं पासपोर्ट रद्द केले आहेत. पाणबुड्यांना न भिणारी ही मंडळी एका कागदामुळे परत फिरली.

१९२० साली पापळ गावच्या शेतकऱ्याचा मुलगा बोटीवर चढला : पंजाबराव देशमुख. एडिंबरो, ऑक्सफर्ड, बॅरिस्टरी, आणि वेदवाङ्मयातील धर्मावर डॉक्टरेट करून १९२६ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षी अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहाला उभा राहिला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं बर्लिनला गेली आणि ऑलिंपिकच्या वेळी त्यांनी तिथं कबड्डी आणि इतर देशी खेळ करून दाखवले. वऱ्हाडातल्या या सगळ्यांच्या गोष्टी सांगताना आपण विलायतेपासून सुरुवात करतो. मधले ते दोन-तीन आठवडे, ती मळमळ, ते चारी बाजूंचं पाणी, आपण गाळून टाकतो. जणू ही माणसं स्टेशनवर चढली आणि पलीकडच्या स्टेशनवर उतरली.

*

मी बोटीवर चढलो तो कामासाठी. मला वाटतं, आमच्या भागातल्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतच माझी गणना व्हावी. कोलकात्याला मरीन इंजिनीअरिंग शिकलो, कारण हावडा मेल अकोल्याला थांबते आणि फी परवडत होती. याहून थोर कारण नाही.

१९८७ साली आमचं जुनं जनरल कार्गो जहाज ह्यूस्टनला लागलं होतं. दुपारी वॉच संपवून डेकवर आलो आणि पाहिलं तर होल्डमध्ये कापसाच्या गाठी उतरत होत्या. अमेरिकन गाठ, ४८० पौंडांची, आमच्या गाठीहून मोठी. एकीचं आवरण फाटलं होतं. मी चिमूटभर कापूस काढला आणि बाबा करायचे तसा दोन्ही अंगठ्यांत धरून ताणला. धागा लांब, पांढरा, स्वच्छ. ज्यांच्या भांडणामुळे सव्वाशे वर्षांपूर्वी आमचा मुलूख कापसाचा झाला, त्यांचाच कापूस आता मी पूर्वेकडे नेणार होतो. ती चिमूट मी पत्रात घालून घरी पाठवली.

कापसाचा माल म्हणजे रात्रीची झोप कमी. कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. गाठीच्या पोटात ठिणगी दिवसेंदिवस जिवंत राहते आणि हॅच उघडून हवा लागली की पेटते. म्हणून होल्डचं तापमान रोज लिहायचं, धुराचा वास घेत फिरायचं. महिनाभर मी ते आकडे लिहिले. घरी कापूस खोलीत भरून ठेवला की बाबा बिडी बाहेर जाऊन ओढायचे. तीच ही शिस्त.

सुट्टीत आलो तेव्हा ती चिमूट देवळीत ठेवलेली होती. बाबा म्हणाले, "धागा लंबा हाय त्यायचा. पन तिकळे भाव काय भेटते त्यायले?" मला भाव माहीत नव्हता. मी त्या कापसासोबत महिनाभर राहिलो होतो, त्याचं तापमान अंशात सांगू शकत होतो, आणि भाव विचारायचं मला सुचलं नव्हतं. आमच्याकडे तेव्हा कापसाची एकाधिकार खरेदी होती. माल सरकारला द्यायचा आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. बाबा पुन्हा काही बोलले नाहीत. पण तो प्रश्न मला आजही लागतो. भाव तिकडे ठरतो, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि पोरगा तिकडे होता.

१९९१ च्या मार्चमध्ये बाबा गेले. आम्ही अटलांटिकच्या मध्यावर होतो. रेडिओ ऑफिसर तार हातात घेऊन इंजिनरूममध्ये उतरला तेव्हाच मी समजलो, कारण तो खाली कधी येत नसे. पुढचं बंदर अकरा दिवसांवर. कॅप्टननं खांद्यावर हात ठेवला. माझा वॉच रात्री बाराचा होता, तो मी केला. दुसरं करण्यासारखं तिथं काही नव्हतं. घरी पोचलो तेव्हा तेरावं होऊन गेलं होतं. आई एवढंच म्हणाली, "लय वाट पायली रे." जहाजावरच्या माणसाच्या पगारात ही रक्कम कुठेही लिहिलेली नसते, पण ती कापली जाते.

*

आता मी अकोल्यातच असतो. मर्चंट नेव्हीत जायचं म्हणणारी पोरं विचारायला येतात. तेल्हारा, मूर्तिजापूर, दर्यापूर, अचलपूरकडची. त्यांचे वडील सोबत असतात. कुणी एजंट चार-पाच लाख मागत असतो, कुणी एक एकर विकायला काढलेलं असतं. मी त्यांना सांगतो, की एजंटाकडे आरपीएसएल परवाना आहे का ते जहाजरानी महासंचालनालयाच्या यादीत पाहा, कॉलेज मान्यताप्राप्त आहे का पाहा, नोकरीसाठी कुणालाही पैसे देऊ नका. ते घेणंच बेकायदा आहे. काहीजण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांच्यातली दोन पोरं परदेशातल्या बंदरात, मालकानं सोडून दिलेल्या जहाजावर, पगाराविना महिनोन्‌महिने अडकलेली मी पाहिली आहेत. पूर्वी कापसाच्या भावावर भरवसा ठेवून जमीन गहाण पडायची, आता डॉलरच्या पगारावर भरवसा ठेवून विकली जाते. भाव ठरवणारा तेव्हाही दिसत नव्हता, आताही दिसत नाही.

तरी मी कुणाला "जाऊ नको" म्हणत नाही. या मुलखाचा माल दीडशे वर्षं समुद्रावर होता आणि माणसं काठावर. आता माणसं जात असतील तर ती डोळे उघडे ठेवून जावीत, एवढंच. निदान भाव विचारायला विसरू नये.

परवा दर्यापूरकडचे एक बाप-लेक आले होते. पोरगा कागद दाखवत होता, बाप गप्प होता. निघताना तो दारात थांबला आणि हळूच म्हणाला, "सर, परत येते नं पोरगं?"

"येते," मी म्हटलं. "पण तारीख त्याच्या हातात नसते."

त्यानं मान हलवली. पावसाची वाट पाहण्यात जन्म गेलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.